आक्कांचा कडू घास

आमच्या लिंबायतच्या गल्लीत कुणाच्या घरी माणूस गेलं, की बायका पदर तोंडाला लावून तिकडे धावायच्या आणि माझ्या सासूबाई, आक्का, उलट स्वयंपाकघरात शिरायच्या. आधी भाकरी, मग रडारड, असा त्यांचा खाक्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी डब्यातून पहिलं जेवण नेतात, तो कडू घास. गल्लीतला पहिला डबा आक्कांचाच असायचा. ज्वारीच्या भाकरी, झुणका, लसणाची चटणी. डबा ठेवून त्या परतत नसत. घरात सगळ्यात जास्त कोण मोडून पडलंय ते बरोबर हेरायच्या, त्याच्यासमोर मांडी घालून बसायच्या आणि घास तोंडाशी धरायच्या. "खाई ले, माय. रडाले बी ताकद लागस."

मी लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा घरात आजेसासूबाई होत्या. त्या सगळं विसरल्या होत्या. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, त्या दूधवाला समजायच्या आणि दूध पातळ आणतोस म्हणून रोज झापायच्या. नाना मुकाट ऐकून घ्यायचे. आक्कांना तर त्या दिवसातून कितीदा तरी "तू कोन?" म्हणून विचारायच्या. आक्का हसून म्हणायच्या, "मी कोन शे ते ऱ्हाऊ दे. भूक लागनी का?" म्हातारी चार घास खायची आणि मग आक्कांचा हात कुरवाळत विचारायची, "पोर, तू जेवनी का?" नाव गेलं, गाव गेलं, तरी हा प्रश्न शेवटपर्यंत शाबूत होता.

म्हणून आमच्या घराची अशी समजूत झाली की म्हातारपणी डोकं बिघडतं म्हणजे विसरायला होतं. या समजुतीनंच आमचा घात केला.

आजेसासूबाई गेल्यानंतर काही वर्षांनी समोरच्या विमलबाईंचा तरणाताठा मुलगा हजीऱ्याला कामावर असताना गेला. मी धावत येऊन आक्कांना सांगितलं. त्या टीव्हीसमोर बसल्या होत्या. "माहीत शे," म्हणाल्या आणि मालिका बघत राहिल्या. मी पुन्हा सांगितलं, तर म्हणाल्या, "मंग मी काय करू? बाजूले व्हय, दिखत नई." मी एकटीच भाकरी थापून घेऊन गेले. गल्लीत बोभाटा झाला की सून आता सासूला घराबाहेर पडू देत नाही.

पुढं रोज काहीतरी नवं. आक्का दुसऱ्याच्या ताटातला घास उचलायच्या. पाहुण्याला तोंडावर जाड म्हणायच्या. एकदा मला ताप होता, तर उठवून चहा करायला लावला. मी नवऱ्याशी भांडले, आक्कांना दवाखान्यात न्या म्हणाले. तो पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये बारा-बारा तास उभा राहून आलेला. म्हणाला, "मायले समदं याद शे. तिले काय व्हयनं?" नंदुरबारहून नानांची बहीण, आमच्या आत्याबाई आल्या, त्यांनी तर परीक्षाच घेतली. माझ्या लग्नात कोण रुसलं, कुणी कुठली साडी नेसली होती, आक्कांनी घडाघडा सांगितलं. आत्याबाईंनी निकाल दिला की सासू ठणठणीत आहे, सूनच कांगावखोर आहे. मलाही रात्री वाटायचं, खरंच या मुद्दाम तर वागत नसतील? मनातल्या मनात मी त्यांना नाही नाही ते बोलले.

शेवटी मीच त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होती, सुरतचीच. म्हणाली, "डिमेंशिया एक नहीं होता, बहन. दिमाग के हिस्से आपस में बात करते हैं. किसका कौन सा रास्ता पहले टूटता है, सब उस पर है." आजेसासूबाईंचा आठवणींकडं जाणारा रस्ता आधी तुटला असणार. कुणाला समोर नसलेली माणसं दिसायला लागतात. आणि आक्कांच्या डोक्यात, समोरच्याच्या जिवाला काय होतंय हे कळवणारा रस्ताच तुटत चालला होता. "चौक भी है, अडाजण भी है," तापीच्या दोन काठांवरच्या वस्त्यांची नावं घेत ती म्हणाली, "बीच का पुल बंद हो गया." मी विचारलं, परत कधी सुरू होईल? तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मला ओरडावंसं वाटत होतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. आक्कांना जेवायला वाढलं, की मी आपलं रिकामं ताट घेऊन शेजारी बसायचे. एकदा, फक्त एकदा त्यांनी विचारावं, तू जेवनी का? माझं नाव, माझं माहेर, माझ्या आईच्या गुडघ्याचं दुखणं, त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या जेवायच्या, हात धुवायच्या आणि उठून जायच्या. माझं ताट तसंच राहायचं.

नाना गेले तेव्हा मला वेडी आशा वाटली, की एवढ्या मोठ्या धक्क्यानं तरी काही हलेल. कडू घास आला. आक्का सगळ्यांच्या आधी ताटावर बसल्या. नाना कोणत्या कारखान्यात होते, कुठल्या कुशीवर झोपायचे, सगळं त्यांनी आल्यागेल्याला सांगितलं, बातम्या सांगाव्यात तसं. मग बोट चाटून म्हणाल्या, "झुनका बेस व्हयना. चटनी शे का?" माझा नवरा उठून मोरीत गेला आणि नळ सोडून रडला. त्या दिवशी त्याला पटलं. माझी आशाही त्या दिवशीच संपली.

त्यानंतर आक्का बरीच वर्षं जगल्या. मी त्यांना भरवलं, पुसलं, त्यांची कूस बदलली. शेवटी बोलणंही गेलं.

त्या गेल्या त्या दिवशी पहिला डबा विमलबाई घेऊन आल्या. ज्यांच्या दारात आक्का गेल्या नव्हत्या, त्याच. माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि घास माझ्या तोंडाशी धरला. "खाई ले, माय. रडाले बी ताकद लागस."

मी खाल्लं. झुणका चांगला झाला होता. मी आणखी एक भाकरी मागून घेतली, तीही संपवली. बायका माझ्याकडं बघत होत्या, मी केव्हा हंबरडा फोडते म्हणून. मीही वाट बघत होते. ताकद आली होती. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.