दौंड मुक्कामी पोपची निवड

समस्त सभासद, कर्जदार, बिगरकर्जदार, हितचिंतक आणि ज्यांचं आमच्याशी कधीच पटलं नाही असे सर्व बंधू-भगिनी, यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, आमच्या गावच्या विकास सोसायटीच्या आठ संचालकांनी दौंड मुक्कामी बसून कॅथॉलिक चर्चचे गेल्या साठ-सत्तर वर्षांतले पोप बदलून टाकले आहेत. रोमला अद्याप कळवलेलं नाही. कुणाची हरकत असेल तर ती लेखी द्यावी, मात्र मला देऊ नये. मी फार दमलो आहे.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या अलीकडं. गावात कॅथॉलिक घर एकच, ते आमचं. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आम्ही दौंडला जातो, म्हणून गाव मला फादर म्हणतं. फादरची बायको म्हणून ओळखली जाणारी जगातली एकमेव बाई माझ्या घरी आहे आणि ती हे अजून हसून घेते. माझा आवाज माइकवर चांगला लागतो. या एका गुणापायी मी शाळा समितीवर आहे, पाणी समितीवर आहे, भैरोबाच्या यात्रा कमिटीवरही आहे, आणि आता इतर मागासच्या जागेवरून सोसायटीचा संचालक आहे. उठून उभा राहिलो की लोक टाळ्या वाजवतात. खाली बसलो की एक जबाबदारी वाढलेली असते.

बायकोचे दोन्ही गुडघे गेले आहेत. ऑपरेशनची तारीख एकदा यात्रेनं खाल्ली, एकदा सोसायटीच्या निवडणुकीनं. तिसरी तारीख मिळाली ती चेअरमन निवडीच्या पाठोपाठच्या सोमवारची. मी शब्द दिला होता की निवडीला हात वर करायचा, घरी यायचं आणि त्यानंतर महिना-दोन महिने तिच्या उशाशी बसायचं. मे-जूनमध्ये पीककर्जाची वाटपं चालू होतात आणि त्या दिवसांत चेअरमन स्वतःच्या घरी जेवायलाही सापडत नाही. पण मी कुठं चेअरमन होणार होतो?

निवडीच्या आधी संचालकांना सहलीला न्यायची आमच्याकडं पद्धत आहे. सहल म्हणजे पॅनेलच्या नेत्यानं आपली माणसं समोरच्यांनी फोडू नयेत म्हणून कोंडून ठेवायची. फोन काढून घ्यायचे, खायला-प्यायला घालायचं आणि थेट मतदानाच्या टेबलापाशी आणून सोडायचं. आम्ही आठ, समोरचे पाच. आठ जणांत चेअरमन कोण, यावरून मात्र आमच्यातच जुंपली होती. एक डेअरीवाले आप्पा, त्यांची दूध डेअरी. दुसरे पोकलेनवाले दादा, त्यांचं खोदाईचं यंत्र. दोघांनाही खुर्ची हवी होती आणि दोघांच्याही मागे तीन-तीन माणसं होती. मला आप्पांनी आपल्यात धरलं होतं, दादांनीही आपल्यातच धरलं होतं.

नेते म्हणाले, गोव्याला नेतो. आम्ही टोप्या, गॉगल, चड्ड्या घेतल्या. गाडी न्हावऱ्यावरून निघाली, नदी ओलांडली आणि भीमेकाठी, दौंडच्या बाहेर, नेत्यांच्या मेव्हण्याच्या शेतघरासमोर थांबली.

"हे गोवा हाय व्हय?" पोकलेनवाले दादा म्हणाले.

"गोव्यात समदे हुडकायला येत्यात," नेते म्हणाले. "दौंडात कोण येतंय मरायला? दोघांचं काय ते ठरवा, मग दार उघडतो." आणि ते फोनची पिशवी घेऊन निघून गेले.

त्याच दिवसांत पोप वारले होते आणि रोममध्ये नव्या पोपची निवड चालू होती. हॉलमध्ये टीव्ही होता. सीमेवरच्या बातम्यांतून सवड मिळाली की चॅनेलवाले एका छपरावरचं धुराडं दाखवायचे. आमच्यात सगळ्यात वयस्कर असलेल्या आबांनी ते दोन-तीनदा पाहिलं आणि विचारलं, "फादर, ह्या धुराड्यात काय शिजतंय?"

मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, पण सवय. सांगितलं, की जगभरचे कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू, आत कोंडले आहेत, फोन काढून घेतलेत, बाहेर पहारा आहे, आणि दोन-तृतीयांश मतं एकाच माणसाला पडेपर्यंत दार उघडत नाही. काळा धूर म्हणजे जमलं नाही. पांढरा म्हणजे जमलं.

बाकीचे सातही जण टीव्हीपुढं सरकून बसले.

"म्हंजी तेबी सहलीला हायेत," आबा म्हणाले.

पुढचे दोन दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. मटणाचा रस्सा, पत्ते आणि पोप. यांना तिथला एकही माणूस ठाऊक नव्हता, पण निवडणूक ठाऊक होती. आप्पांनी पहिल्याच बैठकीत तोडगा काढला, की दोन तगडे उमेदवार असतील तर दोघांना अर्धी-अर्धी वर्षं वाटून द्यायची आणि पहिल्याचा राजीनामा सही घेऊन, तारीख न घालता, आधीच खिशात ठेवायचा. पोप मरेपर्यंत पोप असतो, हे मी सांगितलं.

"मरेपर्यंत?" दादा म्हणाले. "मग बाकीच्यांनी काय करायचं?"

"वाट बघायची."

"लई वाईट घटना हाय राव तुमची."

मी म्हणालो, अगदीच तसं नाही. मध्ये एकजण अंगात बळ राहिलं नाही म्हणून स्वतःहून पायउतार झाले. हे पोप माझ्या बायकोचे सगळ्यात लाडके. त्या बातमीच्या दिवशी तिनं माझ्याकडं असं पाहिलं होतं की मी जेवताना मान वर केली नाही. आप्पांना मात्र ते मुळीच पटलं नाही. कुणी दबाव आणल्याशिवाय माणूस खुर्ची सोडतो, हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं.

मग मी रंगात आलो. दुपारच्या उन्हात, पंख्याखाली, सात माणसं तोंडाकडं बघत बसलेली. असं सुख फार थोड्या वेळा मिळतं. माझ्या वडिलांच्या लहानपणी असेच एक पोप निवडले गेले, त्यांची गोष्ट सांगितली. म्हातारे होते; चार वर्षं ढकलतील, तोवर बघू, असं म्हणून निवडले. त्या म्हाताऱ्यानं जगभरच्या बिशपांना बोलावून सगळी घडीच मोडून नवी घातली. आधी दौंडच्या चर्चमध्ये फादर लोकांकडं पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा म्हणायचे. त्यानंतर ते तोंड वळवून मराठीत बोलू लागले. त्या वेळी दुसरा कुणी, जुन्या वळणाचा, निवडून आला असता तर? मी अजूनही दर रविवारी न समजणाऱ्या भाषेत पुटपुटत असतो, आणि माझा आवाज माइकवर चांगला लागतो हे कुणाला कळलंच नसतं. एवढ्या सगळ्या समित्यांपासून मी वाचलो असतो. ती निवड बदलावी, असा ठराव मी मांडला. आबांनी अनुमोदन दिलं.

दुसरे बदलले ते निवड होऊन महिन्याभरात वारलेले. फार हसतमुख होते म्हणतात. ते जगले असते तर काय झालं असतं, यावर मी बरंच बोललो, पण आबा मध्येच म्हणाले, "त्येला खुर्चीव बसवायच्या आदी कुणी इचारलं न्हाई का, बाबा, तब्येत कशी हाय?" आम्ही त्यांना घरी पाठवायचं ठरवलं. ते आपल्या गावी, आपल्या माणसांत, हसत राहिले असते.

आणि मग मी मोठी चूक केली. त्याच वर्षीची दुसरी निवड सांगायला घेतली. दोन इटालियन, दोघंही वजनदार, दोघंही अडून बसलेले. याला मतं पडली की त्याची माणसं अडवणार, त्याला पडली की याची. शेवटी सगळे कंटाळले आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेला पोलंडचा माणूस पोप झाला. शेकडो वर्षांत पहिला परका.

इथं मी हात पसरून थांबलो. टाळीची जागा होती. टाळी आली नाही. आप्पा दादांकडं बघत होते, दादा आप्पांकडं. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच एकमेकांकडं इतका वेळ बघत होते.

"दोघांचाबी पचका झाला म्हणा की," आप्पा म्हणाले.

"पण दोघांचाबी झाला," दादा म्हणाले. "एकट्याचा न्हाई."

रात्री अंगणात गाडीच्या ड्रायव्हरनं त्याच्या फोनवरून प्रत्येकाला घरी एकदा बोलू दिलं. स्पीकर लावून, त्याच्यादेखत.

"गोवा कसाय?" बायकोनं विचारलं.

"दौंडसारखाच आहे."

"समुद्र दिसतो का?"

"दिसतो की." तेवढ्यात लांबून दौंड स्टेशनवरची घोषणा ऐकू आली.

"मग मागं ती कोणती गाडी पुण्याकडं चाललीये?" ती म्हणाली. मी फोनवर हात धरला. तीच पुढं म्हणाली, "पलंग खालच्या खोलीत आणून ठेवलाय. जिना चढायला नको मला. सोमवारी या म्हणजे झालं."

आम्ही हॉलमध्ये परतलो तेव्हा टीव्हीवर पांढरा धूर दिसत होता. थोड्या वेळानं नवे पोप बाहेर आले, अमेरिकेचे निघाले. आम्ही दोन दिवसांत काळा पोप केला होता, फिलिपिन्सचा केला होता, एकदा तर आबांच्या आग्रहाखातर वसईचाही केला होता. अमेरिकेचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"तिकडं झालं," आबा म्हणाले. "आन् आपलंबी झालं."

"आपलं कुणाचं झालं?" मी विचारलं.

आबांनी बोट उचललं आणि माझ्याकडं केलं. "पोलंडवाला."

मी हसलो. बाकीचे सात हसले नाहीत. सकाळी नेते आले तेव्हा सगळं ठरून गेलेलं होतं. मला उभं राहून बोलायची संधीही मिळाली नाही. आप्पांना दादा नको, दादांना आप्पा नको. फादर दोघांनाही चालतो, फादरच्या मागं भाऊबंद नाहीत, फादर कुणाला त्रास द्यायचा नाही. मी घाबरवायला म्हणून पुन्हा त्या म्हाताऱ्या पोपची आठवण काढली. तात्पुरता म्हणून बसवलेला माणूस घडी मोडतो, म्हणालो. नेत्यांनी शांतपणे दोन कागद पुढं केले. एक अर्ज, एक राजीनामा, तारीख न घातलेला.

मी सही केली. का केली, ते बायकोनं नंतर पुष्कळ वेळा विचारलं. दमलेला माणूस वाद घालण्यापेक्षा सही लवकर करतो, एवढंच मला सांगता येतं.

तिथून गाडी निघाली ती थेट सोसायटीच्या ऑफिसला. शिरूरहून निवडणूक अधिकारी आले होते, गरीब स्वभावाचे, घाम पुसणारे. समोरच्या पाच जणांनी अर्जच भरला नव्हता. माझा एकच अर्ज होता, वैध ठरला. बाहेर गुलालाच्या पिशव्या फोडायच्या बेतात पोरं उभी होती, हलगीवाला हलगी शेकत होता. नेते दाराशी उभे राहून कुणाशी तरी फोनवर "बिनविरोध, बिनविरोध" म्हणत होते.

अधिकारी म्हणाले, "अर्ज माघारी घेण्यासाठी पंधरा मिनिटं आहेत. उमेदवार माघार घेत असतील तर आत्ताच सांगावं. पण कुणीच उरलं नाही, तर निवड पुढं ढकलावी लागेल." ते घड्याळाकडं बघत नियम म्हणून बोलले होते, पण खोलीतली सात माणसं एकदम माझ्याकडं वळली. निवड पुढं गेली तर पुन्हा सहल, पुन्हा रस्सा, पुन्हा दौंड. आप्पांनी मान हलवली, नको. दादांनी हात जोडले. आबा डोळे मिटून बसले होते.

माझ्याकडं भाषण तयार होतं. गाडीत बसून मनातल्या मनात रचलं होतं. स्वतःहून पायउतार झालेल्या पोपांपासून सुरुवात, मग अंगातलं बळ, मग जबाबदारीची जाणीव, आणि शेवटी सभागृहाची नम्र क्षमा. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं भाषण होतं. मी खुर्ची मागं सारून उठलो, सदऱ्याची बाही नीट केली, घसा साफ केला. दाराशी नेत्यांनी फोन खाली घेतला. बाहेर हलगी एकदा वाजून थांबली. मला वाटलं, आता सगळं ओळीनं येईल, नेहमी येतं तसं. डोळ्यांपुढं खालच्या खोलीतला पलंग आला, आणि पहिलं वाक्य काही येईना, दुसरंही येईना. अधिकाऱ्यांनी पेन उचलून विचारलं, "काय, माघार घेताय का?"

आणि सगळ्या सभेसमोर मी ओरडलो, "घेतो! साहेब, माझ्या बायकोला दोन गुडघे हायेत!"