गायरान गेलं तेव्हा

खाणीच्या मुकादमानं माझ्या आईच्या डोक्यावरचा गवताचा भारा काठीनं ढकलून खाली पाडला. म्हणाला, "जिथनं कापलंस तिथं नेऊन टाक."

आईनं टाकलं. वाकून, काडीकाडी गोळा करून, परत डोंगराच्या उतारावर नेऊन टाकलं. खाणीवरची माणसं बघत होती. कुणीतरी हसलं. मी विळा हातात धरून उभी होते. वीस वर्षांची.

कराडपासून चार कोसांवरचं आमचं गाव. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली गावचं गायरान सरकारनं दगडाच्या खाणीला ठेक्यानं दिलं. आमच्या वस्तीला शेत नव्हतं. शेरडं, सरपण, शेणी, सगळं त्या गायरानावर. आमची मढीसुद्धा तिथंच पुरलेली. माझा बापही.

आई मला घेऊन चावडीवर गेली. चावडीवर म्हणजे चावडीखाली. आमच्या माणसांनी पायरी चढायची नाही, ही गावची रीत. कायदा कधीच बदलला होता. गाव बदललं नव्हतं. तलाठी आत खुर्चीवर. आईनं खालूनच हात जोडून विचारलं, आम्हाला न विचारता गायरान कसं दिलं.

तो म्हणाला, "महिनाभर नोटीस लावली होती आत. कुणाचीच हरकत आली न्हाई."

"आवं भाऊसाहेब, आमी आत कुटं येतो?"

"त्याला मी काय करू?"

आईनं पुन्हा हात जोडले. ते मला सोसलं नाही. मी पायऱ्या चढले. आत बसलेली गावची म्हातारी माणसं अंग चोरून सरकली. आई खालून म्हणत होती, "खाली ये गं बाई." मी सातवीपर्यंत शिकले होते. भिंतीवरची नोटीस मोठ्यानं वाचली. आमच्या गायरानापुढं लिहिलं होतं: पडीक, कुणाच्या वापरात नाही.

तिथंच उभ्यानं हरकत लिहिली. तलाठ्यानं घेतली नाही. मुदत संपली होती.

सुरुंग लागले. मढ्यांची जागा पहिल्या पंधरवड्यातच गेली. हाडं खडीत गेली की मातीत, कुणी सांगितलं नाही. चाऱ्याविना शेरडं बाजारात विकली. आणि आई त्याच खाणीवर, त्याच मुकादमाच्या हाताखाली खडी फोडायला गेली. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार?

पुढच्या उन्हाळ्यात ओढ्याची वाळू ठेक्यानं द्यायची नोटीस लागली. आता मी दर बाजारच्या दिवशी चावडीत जाऊन भिंत वाचत होते. दुसऱ्याच दिवशी हरकत लिहिली, वस्तीतल्या बायांचे अंगठे घेतले. तलाठी म्हणाला, ठेव तिथं, बघू. पोच मागितली तर कुलूप हातात घेऊन उठला.

मी दारातच बसले.

"पोच द्या," मी म्हणाले. "त्याबिगर मी उठणार न्हाई, आन् ह्ये दारबी लागणार न्हाई."