विहिरीच्या चित्राचं व्हार्निश

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या चित्राला व्हार्निश लावणं. सकाळी, नाष्टा झाल्यावर. चित्र तिच्या माहेरच्या, नेरे गावातल्या विहिरीचं, ॲक्रिलिक रंगातलं. ती रंगवायची, व्हार्निश मी मारायचो, कारण जन्मभर मी पनवेलात लोकांच्या कपाटांना पॉलिश केलं. शाळा चौथीपर्यंत, पण ब्रश कळतो.

तिच्यापुढे तोही कळत नव्हता. लाकडावर आम्ही परत परत हात फिरवतो. चित्रावर तसं केलं की अर्धवट सुकलेलं व्हार्निश ओढलं जातं आणि रेघा पडतात. मी फिरवलाच.

"अवो, ते कपाट नाय! एकदा ब्रश गेला की मागं फिरायचं नाय."

"मग तूच मार."

"मी मारल्यावर तुमी काय करनार? नुसता चा पिनार?"

सुकलं का बघायची घाई मात्र तिलाच. विहिरीच्या पाण्यावर अंगठा टेकवला आणि ठसा उठला. मी हसलो. ती म्हणाली, "हसू नका. उद्या दुसरा थर द्या, बुजंल तो."

दुपारी भाकऱ्या करताना ती ओट्यापाशी खाली बसली ती बसलीच. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. दिवस मावळायच्या आत तिला जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चित्र फरशीवर आडवं ठेवलं आणि व्हार्निशचा डबा उघडला. मेहुणी धावत आली. "भावोजी, सुतकात हे काय काढलंत? लोक काय बोलतील?"

"ती उद्या म्हणाली होती. उद्या उजाडला."

वरून सुरुवात केली. आभाळ झालं, झाडं झाली. विहिरीशी आलो आणि हात थांबला. ठसा तसाच होता. बारीक रेघा, मध्ये विळीनं कापल्याची तिरपी खूण. बाकी सगळी ती जळली. एवढाच अंगठा उरला होता आणि तो बुजवायला मीच बसलो होतो.

थांबलं तर लावलेल्या व्हार्निशची कड सुकते आणि तिथं रेघ राहते, हे मला माहीत होतं. मेहुणीला म्हटलं, "सांग ना, काय करू? लवकर सांग!" ती रडायलाच लागली. तेवढ्यात कड सुकली.

चित्रावर आता आडवी रेघ आहे, रेघेखाली ठसा तसाच. कुणा पॉलिशवाल्यानं अशी ठेवली असती तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. ब्रश न धुताच टाकला, आणि चित्राशेजारी फरशीवर आडवा झालो. मेहुणीनं दोनदा उठवलं. उठलो नाही.