लिंबाच्या ओंडक्यावरची तांबडी कुत्री

आधीच सांगतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणी लिंबू-मिरची सुचवायला नको... असल्या भानगडींवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. ट्रॅक्टर चालवतो. हंगामात ऊस, एरवी लाकूड वाहतो. त्या दिवशी अमावस्या नव्हती, रात्र नव्हती, सगळं उजेडात घडलं. आणि यात किळस येते ती भुताची नाही, माझी येते.

गाव सांगवी, नीरेच्या काठाजवळ. माझे वडील – आबा – तरुणपणी नदीतूनच लाकूड न्यायचे. रस्ता धड नव्हता, मग पाणी चढलं की ओंडके एकत्र बांधून सोडायचे आणि काठानं चालत खाली इंदापूरच्या बाजूला बाहेर काढायचे. पुरात वाहून आलेलं लाकूड जो ओढेल त्याचं, हा त्यांचा रिवाज. फक्त त्यावर कुठला जीव बसलेला असेल, साप असो की मांजर, तर हात लावायचा नाही. तो आपणहून उतरला तरच लाकूड आपलं.

गेल्या पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं होतं. माझ्या घराचं काम चालू होतं आणि चौकटी राहिल्या होत्या. आबांना पत्र्याच्या खोलीतून पक्क्या घरात न्यायचं, एवढंच डोक्यात होतं. अशात सकाळी कडुलिंबाचा ओंडका वाहत आला – सरळ, जाड, पंधरा फूट तरी असेल. वर एक तांबडी कुत्री, भिजून निम्मी झालेली.

“दत्ता, सोड त्ये! ज्यावर जीव बसलाय त्ये लाकूड आपलं न्हाय,” आबा काठावरून ओरडले.

मी लांब आकडीनं ओंडका अडवला, दोर टाकला. कुत्री गुरगुरली. चावेल म्हणून आकडीच्या मागच्या टोकानं तिला पाण्यात ढकललं. ती पोहत परत आली. पुढचे दोन पाय ओंडक्यावर ठेवले, माझ्याकडं बघितलं... आणि मी पुन्हा ढकललं. या वेळी ती वर आली नाही.



आठवड्यानं ओंडका ट्रॉलीत टाकून इंदापूरच्या सॉ मिलला निघालो, एकटाच. लासुर्ण्याला चहाला थांबलो. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, “आरं, त्या कुत्रीला खाली तरी घे. सगळी भिजलीय, थरथरतीय बघ.”

कडक ऊन होतं. म्हटलं, “मावशी, कुठली कुत्री?”

त्यांनी मला वेड्यात काढलं आणि पावाचा तुकडा ओंडक्यावर फेकला. मी बघत होतो. तुकडा वर गेला तो खाली पडला नाही. ट्रॉलीत चढून शोधला, कुठंच नाही. ओंडका मात्र ओलागच्च, आणि त्याला वास... ओल्या, कुजायला लागलेल्या कुत्र्याचा. मला तिथंच उलटी झाली.

मिलमध्ये करवत लावणारा कामगार मागं सरकला. “दादा, आदी कुत्री उतरवा.”

तरी मी ऐकलं नाही. दुसऱ्याला बोलावून कापून घेतलं. केवढा निगरगट्ट! आतलं लाकूड स्वच्छ, किड्याचं भोकसुद्धा नाही.

त्याच्या तीन चौकटी झाल्या. दोन खणखणीत कोरड्या. पुढच्या दाराचा उंबरा मात्र भर उन्हाळ्यात ओला. पुसला की तासाभरात परत तसाच, तोच वास. सुतार म्हणतो लाकूड कच्चं, प्लंबर म्हणतो पाइप गळत नाही. वास्तुशांतीला पाहुणे नाकाला रुमाल लावून जेवले.

आबा दारापर्यंत आले. पाय उचलला, उंबऱ्याकडं बघितलं आणि मागं घेतला.

“आदी तिला चढू दे,” म्हणाले. “मग मी येतो.”

ते अजून पत्र्याच्या खोलीतच आहेत. ज्यांच्यासाठी घर बांधलं ते बाहेर, आणि मी आत त्या घाणीत झोपतो.

कुणाकडं शास्त्रीय उत्तर असेल तर सांगा, मला तरी सापडलेलं नाही. रोज सकाळी दार उघडतो तेव्हा उंबऱ्यावर बाहेरच्या बाजूनं दोन ओले पंजे उमटलेले असतात. पुढचे दोनच. मी बाजूला सरकून दोन्ही हात रिकामे दाखवतो, “ये” म्हणतो... आत एकही पाऊल उमटत नाही.