चाळीस देशांचा जावई

नाणी जमवणाऱ्यांची एक गंमत असते. नाण्यांसाठी त्यांच्याकडे अल्बम असतात, प्लास्टिकचे कप्पे असतात, वर देशाचं नाव लिहिलेलं असतं. किश्श्यांसाठी मात्र कसलीच सोय नसते. ते नुसते साठत जातात आणि कुणीतरी चहाचा कप पुढे केला की भसाभस बाहेर पडतात. आज तुम्ही कप पुढे केलाय, तेव्हा आता ऐकून घ्या!

बेळगावात दर रविवारी सकाळी आमची बैठक असते. जगभरातल्या नोटा आणि नाणी जमवणाऱ्यांची. जागा अण्णांच्या घरचा व्हरांडा. अण्णा म्हणजे निवृत्त वकील. त्यांचं कोर्ट सुटलं, पण उलटतपासणी सुटली नाही. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. आमच्या या उद्योगाबद्दल काकूंचं त्या दिवशीचं मत काय आहे, ते उप्पीटाची बशी किती जोरात आपटली जाते त्यावरून समजायचं. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते, म्हणून सगळे मला बाई म्हणतात. आणि आमच्यातला सगळ्यात धाकटा मारुती. बेळगावाजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात मशिनवर काम करतो, घरची थोडी शेती आहे.

मारुतीचं वय पस्तिशीकडे चाललं होतं आणि लग्न काही जमत नव्हतं. त्याच्या आईच्या मते त्याला कारण एकच होतं. आम्ही!

*

आता आईंना असं का वाटायचं, ते सांगते.

खानापूरकडचं एक स्थळ आलं होतं. पोहे झाले, मुलगी आत गेली आणि मुलीच्या मामांनी खुर्ची पुढे ओढली. मामा रोखठोक माणूस. म्हणाले, "नोकरी हाय, शेत हाय, ते कळलं. रोख शिल्लक काय हाय?"

मारुती बिचारा सरळ. तो म्हणाला, "हाय की! चाळीसेक देशांची हाय."

मामांनी लगेच आत आवाज दिला, "आणि जरा पोहे आण गं!" मारुतीला वाटलं, माणूस रसिक दिसतोय. पिशवीतून त्यानं अल्बम काढला आणि पहिलंच पान उघडलं ते युगोस्लाव्हियाचं.

"ह्यो देश कुठं आला?" मामांनी विचारलं.

"आता न्हाय त्यो. मोडला."

"आणि ह्यो?"

"सोव्हिएत. त्यो बी मोडला."

"आणि ह्यो वाघाचं तोंडवालं?"

"झाईर. देश हाय, पण नाव बदललं. नोट बंद."

मामांनी पोह्यांची दुसरी बशी हातानंच परत पाठवली. दुसऱ्या दिवशी निरोप आला तो असा: "पोरगा चांगला हाय, पण पैसा समदा मोडलेल्या देशांत अडकलाय. पोरगी देववत न्हाय!"

मारुतीची आई तडक अण्णांच्या व्हरांड्यात आली आणि आम्हा सगळ्यांना ओळीनं फैलावर घेतलं. काकू दारात उभ्या राहून मान डोलवत होत्या.

*

अर्थात मारुतीला नावं ठेवण्यात काय अर्थ? आमच्यात अण्णा त्याच्याही वरचढ आहेत.

परदेशातून कुणी आलं की उरलेली चिल्लर आधी अण्णांना दाखवायची, असा त्यांच्या भाऊबंदांत दंडकच आहे. त्यांचा पुतण्या तीन वर्षांनी दुबईहून येणार होता. मुंबईला उतरून पुढं सांबऱ्याच्या, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानानं. त्याला आणायला अख्खं घर विमानतळावर. कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात लाडवाचा डबा. अण्णांच्या हातात भिंग!

पुतण्या बाहेर आला, अण्णांच्या पायाला वाकला. अण्णा म्हणाले, "आयुष्मान भव. खिसे बघू."

पुतण्यानं खिसे उलटे केले. एक रुमाल, एक च्युइंगम आणि एक मोबाइल. "अण्णा, आता तिकडं नाणी कोण वापरतंय? सगळं कार्डावर नाहीतर फोनवर."

अण्णांचा चेहरा असा काही उतरला की जणू विमानच चुकलं होतं. शेवटी गाडीत बसताना ते पुतण्याला कळवळून म्हणाले, "अरे, मग गेलास कशाला?"

*

फोनवरून आठवलं. हल्ली कुणाच्याच घरात सुटी नाणी नसतात. अण्णांकडे सत्यनारायणाची पूजा होती आणि ऐन वेळी गुरुजी म्हणाले, "विड्यांवर ठेवायला नाणी द्या." झाली शोधाशोध सुरू! आम्ही सगळ्यांनी पर्स आणि पाकिटं झटकली, कुणाकडेच रुपया नाही. आणि हे सगळं अशा घरात, जिथं नाण्यांनी भरलेलं कपाट आहे!

अण्णा सोवळं नेसून पाटावर अडकलेले. काकू उठल्या, कपाट उघडलं, हाताला आली ती पाच नाणी आणली आणि पाच विड्यांवर ठेवून मोकळ्या झाल्या. थायलंड, केनिया, नेपाळ, जपान आणि स्वित्झर्लंड. त्यातलं स्वित्झर्लंडचं अगदी कोरं, टांकसाळीतून निघाल्यापासून बोट न लागलेलं. अण्णा ते चिमट्यानं उचलायचे.

गुरुजींनी त्यावर बोटभर कुंकू वाहिलं. मग हळद. मग ओल्या अक्षता. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून मारुतीच्या आई मला म्हणाल्या, "किती भाव हाय बघा वकीलसायबांचा!"

पूजा संपल्यावर गुरुजींनी रीतीप्रमाणे पाची विडे नाण्यांसकट पिशवीत टाकले. अण्णा तशाच सोवळ्यात फाटकापर्यंत धावले. गुरुजी म्हणाले, "दिलेलं परत घेऊ नये." अण्णांनी सगळी वकिली पणाला लावली आणि पाचशेची नोट देऊन पाची नाणी सोडवून आणली. हुश्श करून ती मोरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि जेवायला बसले.

आमच्यात एक नियम फार कडक असतो. नाणं कधी घासायचं नाही. घासलं की ते संग्राहकाच्या दृष्टीनं मेलं. आम्ही ताक पीत होतो तेवढ्यात काकू आतून आल्या. त्यांनाही मनातून वाईट वाटलं असणार, कारण आवाज कधी नव्हे इतका गोड होता. "कुंकवाचे डाग पडले होते ना, चिंचेनं घासून ठेवलीत. बघा कशी लखलखतायत!"

अण्णांनी ती पाच नाणी बराच वेळ तळहातावर धरली. मग म्हणाले, "गुरुजी कुठपर्यंत गेले असतील?"

*

महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर मात्र आमच्यावर खरोखरच बाका प्रसंग आला होता.

कोल्हापुरात नाण्यांचं प्रदर्शन होतं. अण्णांची गाडी, मारुती चालवत होता, मी मागे. निवडणुकीचे दिवस, आचारसंहिता लागलेली, ही गोष्ट आमच्या तिघांच्याही डोक्यात नाही! नाक्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली. एका तरुण अंमलदारानं मारुतीची बॅग उघडली आणि त्याला दिसल्या नुसत्या नोटाच नोटा.

"एनिदु?" हे काय, असं त्यानं कन्नडमध्ये विचारलं. मग मराठीत, "किती रक्कम हाय?"

मारुतीच्या हातात नेमकी वरची नोट आली. झिंबाब्वेची. एकावर चौदा शून्यं. सरळ माणसानं सरळ उत्तर दिलं, "ह्या एका नोटंत का? शंभर लाख कोटी."

अंमलदार खाली बसला. खरंच बसला, दगडावर.

तेवढ्यात अण्णा उतरले आणि त्यांनी कायदा सांगायला सुरुवात केली. त्याबरोबर आणखी दोघं जण आले आणि गाडीची डिकीही उघडली. मी मनातल्या मनात शाळेच्या हेडमास्तरांना काय सांगायचं त्याची तयारी करू लागले. मारुतीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला हळूच म्हणाला, "बाई, हितं अडकलो तर लग्नाचं इसरायचंच की वो!"

अंमलदारानं बोट ठेवून ठेवून शून्यं मोजली. मधेच चुकला, परत मोजली. मग साहेबांना फोन लावला. "सर, शंभर लाख कोटी सापडलेत." मग साहेब म्हणाले, ते आम्हालाही ऐकू आलं, "उन्हातनं जरा सावलीला बस. पाणी पी."

अंमलदारानं फोन ठेवला आणि मारुतीला विचारलं, "खरं सांग, ह्यात काय येतंय?"

"तिकडं ती चालत हुती तवा बी पाव येतोय का न्हाय शंका हुती, सायेब. म्हणून तर बंद केली."

तो पोटभर हसला. आमच्या जिवात जीव आला! नोट हातात धरून त्यानं फोटो काढून घेतला आणि गाडी सोडताना सहकाऱ्याला म्हणाला, "एवढी मोठी रक्कम सोडून देणारा नाक्यावर मीच पहिला बघ."

*

परतताना तोच आनंद अंगात होता, म्हणून निपाणीत अण्णांच्या एका जुन्या अशिलाकडे चहाला थांबलो. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. अण्णांनी नाक्याचा किस्सा रंगवून सांगितला. आप्पा गालात हसले, पण आप्पांची मुलगी सुजाता, जी एका मेडिकल दुकानात कामाला होती, ती हसता हसता चहाचा ट्रे खाली ठेवून भिंतीला टेकली.

मग तिनं मारुतीला विचारलं, "एवढ्यातलं तुमच्या आवडीचं कुठलं?"

मला वाटलं, हा आता चौदा शून्यांवर जाणार. पण मारुतीनं पाकिटातून एक झिजकं तांब्याचं नाणं काढलं. पूर्व आफ्रिकेचं, मधे भोक असलेलं. त्यावरची अक्षरंही धड दिसत नव्हती. म्हणाला, "अण्णा ह्याला हात बी लावत न्हाईत. पर हे बघा, भोकाची कड एकाच अंगाला झिजल्या. कुणीतरी दोऱ्यात ओवून लई वर्सं गळ्यात घातलंतं. पोराच्या असंल, न्हायतर बायकोच्या."

सुजातानं ते नाणं हातात घेतलं. परत द्यायला तिला जरा वेळच लागला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे. उलटतपासणीची गरजच नव्हती!

पुढचं भराभर झालं. बघणं झालं, पसंती झाली, याद्या ठरल्या. फक्त आप्पांनी मारुतीला आणि त्याच्या आईला बाजूला घेऊन एक अट घातली. "बाकी समदं चांगलं हाय. तेवढा नोटा-नाण्यांचा नाद सोडायचा. संसारात असलं चालत न्हाय."

"सोडतोय की!" असं मारुतीनं नाही, त्याच्या आईनं सांगितलं. मारुतीनं मान हलवली.

पुढच्या रविवारी तो दोन पिशव्या घेऊन व्हरांड्यात आला. अल्बम सतरंजीवर मांडले आणि म्हणाला, "ज्याला जे पायजे ते न्या. इकायचं न्हाय माझ्यानं."

आता खरं सांगते, अण्णांचा त्याच्या झिंबाब्वेच्या नोटेवर कित्येक वर्षं डोळा होता. पण त्या दिवशी अण्णा बागेतल्या जास्वंदीकडे बघत बसले. मला फार वाईट वाटत होतं. ज्या पोराचं लग्न व्हावं म्हणून आम्ही सगळे जीव टाकत होतो, त्याचं लग्न ठरलं होतं आणि व्हरांड्यात सुतकी शांतता. काकू उप्पीट घेऊन आल्या. बशी इतकी अलगद ठेवली की आवाजच झाला नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. आप्पा आणि सुजाता. बस्त्यासाठी बेळगावात आले होते, वकिलांना पत्रिका देऊन जाऊ म्हणून थांबले.

सुजातानं सतरंजीवरचा पसारा बघितला. "आज काय प्रदर्शन हाय काय?"

मारुती खाली बघून म्हणाला, "न्हाय. वाटून टाकतोय. आप्पांनी सांगितलंय न्हवं."

"काय सांगितलंय?"

मारुती अल्बम आवरायला लागला. मग अण्णांनीच, साक्षीदाराला मोकळं करावं तशा आवाजात, सगळं सांगून टाकलं.

सुजाता वडिलांकडे वळली. "आप्पा, तुम्ही अट घातली? मला न इचारता?"

"तुझ्याच भल्यासाठी गं. लग्न ठरताना एखादी अट असतीयाच."

"असती की," सुजाता म्हणाली. "तुमचं ठरलं तवा आईनं बी एकच घातलती." आणि तिनं आप्पांपुढे हात पसरला. "खिशातली तंबाखूची डबी काढा बघू."

आप्पांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी दुसरीकडे बघितलं. आप्पांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा जास्वंदीकडे बघत होते.

मग आप्पांनी पायताण काढलं, सतरंजीवर मांडी घातली, जवळचा अल्बम पुढ्यात ओढला आणि घसा साफ करून म्हणाले, "जावईबापू, ह्यो कुठला देश म्हणायचा?"