दुसऱ्याची बाजू

खेडच्या कोर्टातल्या वकिलांना आमच्या आतोबांइतकं जगात दुसऱ्या कुणी बुडवलं नसेल. आत्याचे हे यजमान निघोज्याचे साधे शेतकरी, पण भांडणाचा आवाज कानावर पडला की उष्ट्या हातानं ताटावरून उठायचे. एकदा एका लग्नात मानपानावरून व्याही हातघाईवर आले, तेव्हा आतोबांनी दोघांची समजूत घातली, त्यांना मिठ्या मारायला लावल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला आमंत्रण शेजारच्या मांडवात होतं.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. मी देहूरोडच्या डेपोत कारकून होतो. रविवारी सायकल मारत निघोज्याला जायचो, ते खरं म्हणजे आतोबांची पंचायत बघायला. ना शिक्का, ना स्टॅम्प, तरी माणसं यांचं ऐकतात कशी, याचं मला भारी कुतूहल. पिठाच्या गिरणीपुढच्या कट्ट्यावर ती भरे आणि तिथं नियम एकच: ज्यानं त्यानं समोरच्याची बाजू मांडायची. एकदा एकाच्या शेळ्यांनी दुसऱ्याचा हरभरा फस्त केला. शेळीवाला हरभरेवाल्याच्या वतीनं बोलायला उठला आणि बोलता बोलता असा तापला, की "असल्या माणसाला गावात ठिवूच नगा!" म्हणून मोकळा झाला. लोक हसले, तोही हसला, आणि भरपाई त्यानं आपणहून कबूल केली.

आतोबांचं स्वतःचं भांडण मात्र कट्ट्यावर कधी आलं नव्हतं. दोघा भावांत एक विहीर. सकाळची मोट आतोबांची, दुपारची धाकट्याची, ही वडिलांपासूनची रीत. धाकट्याला ती बदलून हवी होती, आतोबा ऐकेनात. तीन वर्षं अबोला चालला आणि शेवटी धाकट्यानं खेडला दावा लावला. "सख्ख्या भावांना आता कोर्टात बघायचं का रं?" आत्या मला म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

तारखेच्या आधीच्या रविवारी धाकटा स्वतःच कट्ट्यावर आला. "दादा, तुझाच नियम हाय. मांड माझी बाजू."

आतोबा तावातावानं उठले. "ह्याचं म्हननं असं हाय, की..." म्हणाले आणि थांबले. उपरणं झटकलं, खाकरले. पुन्हा "ह्याचं म्हननं..." शेवटी खाली बसले.

"मला ठावंच न्हाई रं. मी कंदी इचारलंच न्हाई."

"मग इचार की."

आतोबांनी विचारलं. सकाळच्या मोटेनं विहीर उपसून जाई, दुपारी नुसता गाळ निघे, आणि दोन वर्षं धाकट्याचा कांदा करपून गेला होता. दोघांच्या शेतांत फक्त एक बांध होता.

दावा मागे घेतला गेला. सकाळची मोट दिवसाआड दोघांत ठरली. पण आतोबा त्यानंतर कट्ट्यावर फारसे बसले नाहीत. कुणी बोलवायला गेलं, तर ते धाकट्याच्या पाळीला विहिरीवर गेलेले असत. त्याच्या शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेपर्यंत बांधावर बसून राहत. गावची भांडणं हळूहळू पुन्हा खेडला जाऊ लागली. मला त्याचं वाईट वाटायचं, पण त्या बांधावरून त्यांना उठवायला माझं मन कधी धजलं नाही.