फ्रान्सची बाटली आणि आत्याबाईंची जीभ

सासूला मी मिठाचा चहा पाजला होता. चुकून नव्हे, मुद्दाम. डबा उघडला, चमचाभर मीठ घेतलं, कपात घातलं आणि ढवळलं. आता मी स्वतःच सासू झालेय, सुनेच्या हातचा चहा पिते, तेव्हा लपवून तरी काय करायचंय?

मी गगनबावड्याची. लग्न होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी पहिल्या आठवड्यातच गल्लीला जाहीर करून टाकलं, "पोरगी कामाला वाघ हाय, पर पावसाच्या मुलखातली. तिकडं मिरची वाळत न्हाय. हिला चटणीतलं काय कळतंय!" राग आला होता मला, पण उलट बोलायची सोय नव्हती. चटणीत त्यांचा शब्द शेवटचा, हे सगळी गल्ली मानायची.

चटणी म्हणजे आमची कांदा-लसणाची, वर्षाची. उन्हाळ्यात घरोघरी ती व्हायची, पण कुठली मिरची किती घ्यायची हे आत्याबाई ठरवायच्या. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी झणक्याला. गिरणीतल्या डंकावरून मिरची कुटून आली की बायका आपापल्या पराती घेऊन आमच्या अंगणात बसायच्या. मसाला, मीठ कालवून झालं की प्रत्येकीनं चिमूटभर चटणी आत्याबाईंच्या तळहातावर ठेवायची. त्या ती जिभेवर घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "धणं कमी पडल्यात," नाहीतर, "मीठ आवर." त्यांनी मान हलवल्याशिवाय कुणी बरणी भरायची नाही. समोर कल्हईवाल्यांचं घर होतं. तिथल्या चाची म्हणायच्या, "तुमची जीभ हाय तवर आमाला वर्साची काळजी न्हाय." हे ऐकलं की आत्याबाई पदर सारखा करायच्या आणि उगाच मला एखादं काम सांगायच्या.

मी सांगतेय ते दुष्काळातल्या मिलोच्या, त्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या, भाकरीचे दिवस सरून तीन-चार वर्षं झाल्यावरचं. त्या दिवाळीत आत्याबाईंना ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात होत्या. बऱ्या होऊन उठल्या आणि हात धुऊन माझ्या मागं लागल्या. आमटी अळणी, भाजी अळणी. "कालवण हाय का हात धुतल्यालं पाणी?" मी मीठ वाढवलं की नवरा ताट सरकवायचा, "खारट केलीस की गं!" कमी केलं की आत्याबाई आहेतच. एकदा तर पाहुण्यांच्या देखत उठून त्यांनी रश्श्यात मूठभर मीठ टाकलं. पाहुणे बिचारे घोटभर रस्सा पिऊन तांब्यावर तांब्या पाणी मागत बसले, आणि नाव कुणाचं खराब झालं? माझं. त्यानंतर एकदा आत्याबाई स्टोव्हशेजारी शेंगा निवडत बसल्या असताना दूध करपलं. गल्लीच्या टोकापर्यंत वास, आणि ह्यांच्या नाकावरची माशी हलली नाही. त्याचीही बोलणी मीच खाल्ली.

माझे धाकटे दीर उद्यमनगरात एका कारखान्यात होते. कारखान्यानं त्यांना नवीन मशीन शिकायला सहा महिने फ्रान्सला पाठवलं होतं. ऐन उन्हाळ्यात ते एका शनिवारी परत आले. रविवारी मटण आलंच. ते शिजत असतानाच भावजींनी बॅगेतून बनियनमध्ये गुंडाळलेली एक बाटली काढली.

आत्याबाई ओरडल्याच. "दारू? दारू आणलीस घरात? देव्हारा हाय हितं, मुडद्या!"

"आये, द्राक्षाची हाय. तिथं जेवताना पाण्यागत पित्यात. बायकाबी."

"द्राक्षाची?" त्या जरा निवल्या. "मग द्राक्षासव म्हण की. उगं जीव घाबरा केलास."

बाळंतिणीला आमच्याकडं द्राक्षासव द्यायचेच, तेव्हा त्यात त्यांना वावगं वाटलं नाही. तरी भर दुपारी दाराला कडी लावली. बाटलीचं बूच काही निघेना. शेवटी भावजींनी त्यात एक स्क्रू पिळला, बाटली दोन पायांत आवळली आणि पक्कडीनं ओढलं. मी स्टीलचे पेले आणले तर म्हणाले, "वैनी, ह्यात रंग कसा दिसंल? काचंचं आणा." मग चहाचे ग्लास काढले.

मग सुरू झाली शिकवणी. ग्लास उजेडात धरायचा, रंग बघायचा. हळू गोल फिरवायचा. नाक आत घालून वास घ्यायचा. घोट तोंडात घोळवायचा, लगेच गिळायचा नाही. भावजी तिथं एका म्हाताऱ्याच्या घरी राहायचे, त्याचा द्राक्षाचा मळा होता आणि ही वाईन त्याच्याच घरची होती. "एका द्राक्षाची न्हवं ही," भावजी म्हणाले. "तीन जातींची येगयेगळी करायची आणि मग मिसळायची. एक जात रंगाला, एक दाटपणाला, एक वासाला. कुठली किती, ते ठरतंय जिभंवर."

"चटणीच की ही!" माझ्या तोंडून निघून गेलं.

आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की बास. मग भावजींना विचारलं, "कोण मिसळतोय? त्यो म्हातारा?"

"आदी त्योच मिसळायचा. आता वयानं जीभ गेली त्याची. लेक चाखत्या, त्यो नुसता शेजारी बसतोय."

"मग लोकं काय म्हणत्यात त्याला?"

"काय म्हणणार? त्यानंच सगळ्यांना बोलवून सांगितलं, आजपसनं हिचं ऐका म्हणून."

मला नवल वाटलं. फ्रान्सच्या म्हाताऱ्याला लोक काय म्हणतात याचं ह्यांना काय पडलंय? तेवढ्यात भावजींनी ग्लास त्यांच्या हातात दिला. "तू आक्ख्या गल्लीची चटणी मिसळतीस न्हवं? मग सांग बघू, कसं हाय."

आत्याबाईंनी ग्लास उजेडात धरला. डोळे मिटले, घोट घेतला, घोळवला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडं बघतोय.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "आसवापरीस बरं हाय. लवंग जरा जास्त झालीया."

भावजी पोट धरून हसले. "लवंग!" नवरा म्हणाला, "आईला चढली वाटतं." आत्याबाईही हसल्या, पण उशिरा. मग माझी पाळी आली. मी भिंतीकडं तोंड करून घोट घेतला.

अगं बाई! गोड? कुठलं गोड? जीभ आखडली, दात आंबले, कच्ची सुपारी चावावी तसं तोंड तुरट झालं. मोरीत थुंकायला निघालेच होते, पण भावजींनी सांगितलं होतं म्हणून नेट धरून तोंडात ठेवला. आणि मग काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. आधी जांभूळ आलं, गर संपल्यावर बी चोखताना लागतं तसं. मग आमच्या डोंगरातल्या करवंदांच्या जाळीतला ओला वास. गिळला, संपलं म्हणावं, तर मागून मिरीचा हलका चटका आला आणि कितीतरी वेळ राहिला. तीन जाती कुठल्या ते मला काय कळणार? पण एकीच्या मागून एक येतेय, आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही, एवढं मात्र कळलं. मी ग्लास पुढं केला आणि म्हटलं, "भावजी, अजून जरा." गगनबावड्याच्या पोरीनं दारू मागून घेतली! नवरा बघतच राहिला, आणि त्याच्यापेक्षा मीच जास्त हादरले.

दुसरा घोट घेतला आणि मग खरा धक्का बसला. साखरेचा त्यात कण नव्हता. लवंगेचा पत्ता नव्हता. चटणीतले चमचाभर धणे कमी पडलेले ज्या बाईला कळतात, ती ह्याला गोड म्हणते? द्राक्षासव गोड असतं, त्यात लवंग असते, म्हणून ह्यांनी तसं सांगितलं. ह्यांनी चाखलंच नव्हतं, नुसतं आठवलं होतं.

खोटं कशाला बोलू, मला आधी कणव आली नाही. संताप आला. सहा महिने ही बाई मला अळणी म्हणून रडवतेय, आणि हिची स्वतःची जीभ? पण खात्री करायला हवी होती. म्हणून सोमवारी सकाळी त्यांच्या कपात साखरेऐवजी मीठ घातलं.

आत्याबाईंनी बशीत ओतून अर्धा कप चहा प्यायला. पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, "आज च्या बरा झालाय."

माझ्या हातातली सांडशी खाली पडली. चोर सापडला म्हणून आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही. एवढ्यात भावजी आले, "आये, घोटभर दे," म्हणून त्यांच्या पुढची बशी उचलून तोंडाला लावली आणि थू करून अंगणात थुंकले. "मीठ! वैनी, च्यात मीठ घातलासा की!"

आत्याबाईंनी हातातल्या कपाकडं बघितलं. मग माझ्याकडं. सगळं समजलं त्यांना, मी काय केलं आणि का केलं, सगळं. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"मीच सांगितलं हुतं घालाय," त्या भावजींना म्हणाल्या. "घसा धरलाय. जा तू आंगुळीला."

ते गेल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कवा कळलं?"

"काल. गोड हाय म्हणलासा तवा."

"कुणाला सांगितलीस?"

"न्हाय."

"दिवाळीच्या तापातनं उठलो, तवापसनं हाय." आमच्याकडं बायका असंच बोलतात, मी उठलो, मी आलो. "वास न्हाय, चव न्हाय. तिखट तेवढं झोंबतंय. बाकी सगळी माती."

मी भडकलेच. "मग मला का बोलत हुतासा? सहा म्हैनं? पावण्यांच्या म्होरं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मला वाटायचं, तुझंच चुकत असंल. रोज देवापुढं बसून म्हणायचो, देवा, हिचंच चुकू दे. हिच्याच हाताला चव नसू दे."

भांडायला म्हणून मी कंबर कसून उभी होते, ती तशीच खाली बसले. त्या रोज सकाळी देव्हाऱ्यापुढं तासभर बसायच्या ते मी बघत होते. आणि मागत काय होत्या, तर हे.

"बुधवारी गल्ली येणार," त्या म्हणाल्या. "चटणी बिगाडली तर वर्सभर घराघरात रोज जेवताना माझं नाव निगंल. म्हातारीची जीभ गेली म्हणतील. मग मी ह्या गल्लीत काय म्हणून बसू?"

"मी शेजारी बसतो की," मी म्हटलं. "चटणी तुमच्या हातावर ठेवताना बोट चाटून बघतो. तुमी डोळं मिटा. मी पायाचा अंगठा दाबतो. एकदा दाबला तर मीठ पायजे, दोनदा दाबला तर बास."

"बघू," म्हणाल्या आणि उठून मोरीत गेल्या. तो कप त्यांनी स्वतः विसळला. घरात सून असताना त्यांनी कप विसळलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

बुधवारी बायका आल्या. रीतीप्रमाणं पहिली परात आमची. आत्याबाईंनी तीन मिरच्यांचं कूट, मसाला, कांदा-लसूण, मीठ नुसत्या अंदाजानं कालवलं. हात तेच होते, वेग तोच होता. चाची कौतुकानं बघत होत्या. मी बोट चाटलं, चिमूट त्यांच्या तळहातावर ठेवली आणि अंगाला अंग लावून बसले. त्यांनी चटणी तोंडाजवळ नेली, डोळे मिटले. मी लुगड्याच्या काठाखाली त्यांचा अंगठा दाबला, एकदाच.

त्यांचे डोळे मिटलेलेच. कळलं नाही की काय म्हणून मी घाबरले. मग त्यांनी डोळे उघडले, पाय मागं ओढून घेतला आणि चटणीचा तळहात माझ्यापुढं धरला.

"घे. तू सांग."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. बायकाही बघायला लागल्या. आत्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दिवाळीच्या तापात माझी जीभ गेली. मीठ कळत न्हाय, साकर कळत न्हाय. यंदापसनं हिचं ऐका."

एकीनं "मस्करी करतायसा व्हय?" म्हणून बघितलं आणि तिचं तिलाच कळलं. चाचींनी "या अल्ला" म्हणून तोंडावर हात ठेवला. आणि तो तळहात माझ्यापुढं तसाच. काल-परवा जिच्या चहात मी मीठ घातलं, तिच्या हातावरची चटणी मी भर गल्लीसमोर जिभेवर घेतली.

चव मला ठाऊकच होती. शब्दही ठाऊक होता. सहा महिने जो ऐकून रडले तोच, पण तोंडातून फुटेना.

"सांग की," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, अळणी हाय."

मागं कुणीतरी "अगं बया!" म्हणालं. सासूला तोंडावर अळणी म्हणणारी सून गल्लीनं पाहिली नव्हती. आत्याबाईंनी हात झटकला, पदर सारखा केला आणि जुन्या ठसक्यात म्हणाल्या, "मग घाल की! मीठ कुठं असतंय ते तुला चांगलंच ठाव हाय."

गल्लीला त्यातलं काही कळलं नाही. मी आत गेले, मिठाचा डबा हातात घेतला आणि मला जे रडू फुटलं, ते बाहेरून दुसरी हाक येईपर्यंत थांबलं नाही.